बासष्ट टक्के आणि अंधार

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. स्वयंपाकघरात केटलीत पाणी तापत होतं. वरची टाकी रिकामी झाल्याचं लक्षात आलं म्हणून मी पंपाचं बटण दाबलं. दहा-बारा सेकंद सगळं नीट चाललं. मग इन्व्हर्टर एकदाच टीं करून ओरडला आणि घर गप्प झालं. फ्रीजची घरघर थांबली, पंख्याची पाती रेंगाळत रेंगाळत थांबली, आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, गेली?"

आमचं घर ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेलं नाही; ते सौर पॅनल आणि एका बॅटरीवर चालतं. वीज गेली की शेजारच्या खिडकीत डोकावायचं आणि 'त्यांच्याकडेही गेलीय' म्हणून जिवाला बरं वाटून घ्यायचं, ही सोय आम्हाला नाही. जाते ती आमची एकट्याची, परत आणायचीही आम्हीच. मोबाइलवर बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या तिच्या आतल्या सर्किटचं, ॲप उघडलं. बॅटरी ६२ टक्के. अर्ध्याहून जास्त भरलेली बॅटरी आणि घरात अंधार! अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाले, "तरी सांगत होतो, लेड-ॲसिडच घे."

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. दोन-दोन व्होल्टच्या २४ सेलची ४८ व्होल्टची बँक, कायम फ्लोटवर, म्हणजे भरलेली टिकवणाऱ्या हलक्या चार्जिंगवर. हायड्रोमीटरने ॲसिडची घनता बघायची, डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावायची, आणि बॅटरी कधी म्हणजे कधी अर्धवट उतरलेली सोडायची नाही. शिशाच्या, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरीसाठी यातला शब्दन् शब्द खरा आहे. ती अर्धवट उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि पुढे कितीही चार्ज केलं तरी नीट विरघळत नाहीत. गॅस्तोन प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी केली, तेव्हापासून तिचा स्वभाव तोच. पण अण्णांनी तो बॅटरी नावाच्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव मानला, आणि मीही शिकलो तो त्यांच्याच हाताखाली. म्हणून लिथियमची बॅटरी घरी आली तरी पहिलं वर्षभर मी तिला शिशाच्या बॅटरीसारखंच वागवत होतो.

त्या सकाळचं गणित आधी सांगतो. आमच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल आहेत. एका सेलचे ३.२ व्होल्ट धरले तर एकूण २५.६ व्होल्ट. क्षमता २०० अँपिअर-तास, म्हणजे ५.१२ युनिट वीज. तिच्या बीएमएसची मर्यादा १०० अँपिअर. केटली १५०० वॉटची. पंप एक एचपीचा, पण मोटरची स्वतःची घट धरून तो ११०० वॉट तरी ओढतो. दोन्ही मिळून २६०० वॉट, त्यावर इन्व्हर्टरचा दहा टक्के हिस्सा. बॅटरीतून निघाले जवळजवळ २९०० वॉट, म्हणजे ११३ अँपिअर. शिवाय मोटर उठताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तो वेगळाच. बीएमएसने दहा सेकंद वाट पाहिली आणि दार लावून घेतलं. टाकीत पाणी भरपूर पण नळ लहान, तशी बॅटरीची गत.

यात बीएमएसचं काही चुकलं नाही. पण माझा एक गैरसमज तेवढ्यात गळून पडला. बॅटरी विकणारे सांगतात, 'आत बीएमएस आहे, तुम्हाला काही बघायला नको.' बीएमएस हा रखवालदार आहे. चोर आला तर तो आरडाओरडा करतो, दार लावतो. घरखर्च कसा चालवायचा हे तो बघत नाही. सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला किंवा २.५ च्या खाली आला, करंट हद्दीबाहेर गेला, तर तो जागा होतो. त्या दोन टोकांच्या मधे आपण बॅटरीला कसं दमवतो किंवा कसं कुजवतो, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. आणि बॅटरीचं सगळं आयुष्य त्या मधल्या पट्ट्यातच जातं.

त्या दिवशी मुलीची जुनी शंभरपानी वही घेतली आणि दर तासाला आकडे लिहायला बसलो. किती अँपिअर आत, किती बाहेर, कुठला लोड चालू. दोन आठवडे. रात्री मी दोन-तीनदा उठायचो, बायकोला वाटलं मला झोप लागेना झालीय. वही भरत गेली तसं घराचं एक नवंच चित्र दिसायला लागलं. आम्ही दिवसाला साधारण पाच युनिट वापरत होतो. हे मला ठाऊक होतं. कधी वापरत होतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सगळे घरी आले की वॉशिंग मशीन. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत पंप आणि केटली. म्हणजे सगळी जड कामं पॅनल झोपलेले असताना. बॅटरी रात्रभरात ३८ टक्के उतरायची, सकाळी नऊपर्यंत आणखी बावीसेक टक्के, आणि ऊन तापायच्या वेळी ती ४० टक्क्यांवर असायची. मग भर दुपारी, घरात कोणी नसताना, पॅनल जोरात असायचे आणि घर शांत.

वहीतला सगळ्यात बोचरा आकडा मात्र कुठल्याच कामाचा नव्हता. आमचा तीन केव्हीएचा इन्व्हर्टर, त्याला एकही दिवा जोडलेला नसला तरी, ४५ वॉट खातो. चोवीस तासांचे झाले १.०८ युनिट. म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा निव्वळ जागं राहण्याची मजुरी. आम्ही दिवे बंद करा, पंखा बंद करा म्हणून मुलीच्या मागे लागायचो, आणि कोपऱ्यातली ही पेटी रोज एक युनिट गिळत होती.

बदल केले ते फार हुशारीचे नव्हते. पंप सकाळी अकराला आणला. वरची टाकी थोडी मोठी घेतली, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरेल एवढं पाणी चढवून ठेवायला लागलो. माझं मत असं की ऑफ-ग्रिड घरात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ बॅटरी म्हणजे उंचावरची पाण्याची टाकी. तिला बीएमएस लागत नाही, सायकल, म्हणजे भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या, मोजाव्या लागत नाहीत. वीज साठवून रात्री पाणी चढवण्यापेक्षा पाणी चढवून वीज वाचवावी. एक बारकावा सांगायला हवा. दुपारी पंप चालवला तरी मोटर उठतानाचा तो झटका बॅटरीच सोसते. पॅनल त्या क्षणाला जे देत असतील तेवढंच देतात, मागणी वाढली म्हणून ते जास्त देऊ शकत नाहीत. पण झटका क्षणाचा असतो, नंतरची पाऊण तासाची ओढ पॅनल उचलतात. पुढे पंपाला मोटर हळूहळू उठवणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला, तेव्हा तो झटकाही बराच मावळला.

वॉशिंग मशीन टायमरवर दुपारी गेलं. फ्रीजच्या रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. दिवसा फ्रीज त्यांना गार करतो आणि रात्री बारा ते सहा तो बंदच असतो. दार उघडलं नाही तर सकाळपर्यंत आतला गारवा टिकतो. हीसुद्धा बॅटरीच, फक्त गारव्याची. फ्रीज रात्री बंद राहतो म्हटल्यावर मोठ्या इन्व्हर्टरला जागं ठेवण्याचं कारण उरलं नाही. रात्रीच्या पंख्यांना, दोन दिव्यांना आणि राउटरला एक छोटा तीनशे वॉटचा इन्व्हर्टर घेतला. त्याचा स्वतःचा खर्च आठ वॉट.

केटलीवरून मात्र घरात वाद झाला. मी १५०० वॉटची काढून ७०० ची आणली. पाणी तेवढंच, वीज जवळपास तेवढीच, करंट निम्म्याहून कमी. बायको म्हणाली, "आणि वेळ दुप्पट, तो कोणाचा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त कागदावर लिहून दाखवलं की तारांमधली आणि सेलच्या आतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट निम्मा केला तर उष्णता चौथाईवर येते. तिने कागद वाचला, घडी केली आणि केटलीखाली ठेवला. तो अजून तिथेच आहे.

बॅटरीवाल्यांच्या बोलीत याला सी-रेट म्हणतात. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २०० अँपिअर ओढले तर तो एक सी, शंभर ओढले तर अर्धा सी. रोजच्या वापरात अर्ध्या सीच्या आत राहावं असं बहुतेक उत्पादक सुचवतात, आणि माझा अनुभव म्हणतो की ०.२ च्या आसपास राहता आलं तर बॅटरी हाताला गरमही लागत नाही. शिशाच्या बॅटरीत जोरात ओढलं की क्षमताच कमी भरते. १८९७ मध्ये पॉयकर्ट यांनी त्याचं सूत्रच मांडलं होतं. लिथियममध्ये तो परिणाम नगण्य, त्यामुळे जोरात ओढूनही ती पूर्ण वीज देते. इथेच माणूस फसतो. बॅटरी तक्रार करत नाही म्हणून तिला त्रास होत नाही असं आपण धरून चालतो.

महिन्याभराने पुन्हा वही काढली. बॅटरीतून जाणारी वीज रोज ३.०५ युनिटवरून १.४५ वर आली होती. आधी ती रोज ६० टक्के उतरायची, आता तीस टक्क्यांच्या आत. वर्षाच्या हिशेबात २१७ पूर्ण सायकल होत्या, त्या १०३ झाल्या. बॅटरीच्या कागदावर ४००० सायकल लिहिलेल्या आहेत, म्हणजे तेवढ्या फेऱ्यांनंतर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल. भागाकार केला. जुन्या वापराने अठरा वर्षं, नव्याने अडतीस. मी खुशीत अण्णांना सांगायला गेलो. अडतीस वर्षं! अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अडतीस वर्षं टिकलेली बॅटरी मी पाह्यलेली नाही. तू पाह्यलीयस?"

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. लिथियम सेल दोन वाटांनी म्हातारा होतो. एक वापराने, दुसरी नुसत्या काळाने. कपाटात ठेवलेला, कधीही न वापरलेला सेलसुद्धा हळूहळू क्षमता गमावतो. चार्ज होताना सेलच्या आतल्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो. सेलचं संरक्षण तोच थर करतो, पण तो कायम सूक्ष्म गतीने जाड होत राहतो आणि वापरात असलेलं लिथियम स्वतःत अडकवून टाकतो. तापमान जास्त तर हा वेग जास्त. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही लागू पडतो. आणि सेल जितका भरलेला, तितकी ही झीज जास्त. भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइट अशा अवस्थेत असतं की आजूबाजूचा द्राव त्याच्यापाशी टिकत नाही, विघटित होत राहतो.

आता मी काय करून ठेवलं होतं ते बघा. आधी बॅटरी सकाळी ४० टक्क्यांवर असायची, ती भरायला दुपारचे दोन वाजायचे. लोड दुपारी हलवले, रात्रीचा खर्च कमी केला. त्यामुळे ती सकाळी सत्तर टक्क्यांवर असायला लागली आणि साडेअकरालाच शंभर टक्के भरायला लागली. मग संध्याकाळी ऊन जाईपर्यंत सहा-सात तास, दिवसाच्या सगळ्यात गरम वेळी, ती काठोकाठ भरून बसलेली. मी वापर निम्मा केला आणि त्याच हाताने तिचं काळाने होणारं म्हातारपण जवळ आणलं. रोज फोनवर शंभरचा हिरवा आकडा बघून मला समाधान वाटत होतं. ते समाधान अण्णांच्या बॅटरी रूमचं होतं.

सुरुवातीला मला याचा इतका विश्वास वाटला नव्हता. आयर्न फॉस्फेटला भरलेलं राहिलं तरी काही होत नाही, असं सर्रास ऐकू येतं. कोबाल्ट किंवा निकेल असलेल्या सेलच्या मानाने ते सोसतं, हे खरं. पण २०२४ मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या जेफ डान यांच्या गटाने आयर्न फॉस्फेटचे सेल वेगवेगळ्या पट्ट्यांत चालवून बघितले, तेव्हा वरच्या टोकाजवळ फिरणारे सेल खालच्या पट्ट्यात फिरणाऱ्यांपेक्षा लवकर झिजले. हे वाचलं आणि मी शंभरच्या आकड्याकडे संशयाने बघायला लागलो.

आयर्न फॉस्फेटचा हा पदार्थ बॅटरीसाठी १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात ते कोणालाच मिळालेलं नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा जरा मऊ झाले. "सत्त्याण्णव ना? मग माणूस घाईचा नसणार."

तर प्रश्न असा उरला की बॅटरी कमी भरायची कशी. शिशाच्या बॅटरीत व्होल्टेज बघून पातळी कळते. अण्णा मल्टिमीटर घेऊन आले. बॅटरी नव्वद टक्क्यांवर असताना त्यांना २६.६ दिसलं, साठवर असताना २६.४. "हे हलतच नाही," म्हणाले, आणि मीटर हलवून बघितला. मीटर बरा होता. या रसायनाचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. दोन दशांश व्होल्टमध्ये तीस टक्के बॅटरी लपते. त्यामुळे आत-बाहेर गेलेला प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट लागतो. हा शंटही थोडा थोडा चुकत जातो, आणि बॅटरी पूर्ण भरली की शंभरवर येऊन स्वतःला दुरुस्त करतो. शिवाय आमच्या बीएमएसमध्ये आठ सेलना एका पातळीला आणण्याचं कामही बॅटरी वरच्या टोकाला असतानाच होतं. म्हणजे तिला कायम ८५ वर अडवून ठेवलं तर ना शंटचा हिशेब बरोबर राहतो, ना सेल सारखे राहतात. अण्णांचं 'भरलेली पाहिजे' इथे पुरतं खोटं ठरत नाही, अधूनमधून खरं ठरतं.

मग मी असं केलं. शंटच्या मॉनिटरचा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या चार्ज कंट्रोलरला जोडला, ८५ टक्क्यांना चार्जिंग थांबतं. दर तीन आठवड्यांनी एखाद्या स्वच्छ दिवशी हा अडसर काढतो, बॅटरी २७.६ व्होल्टपर्यंत, म्हणजे सेलमागे ३.४५, जाऊ देतो, तासभर सेल जुळू देतो, शंट शंभरवर आला की पुन्हा अडसर. फ्लोट २६.८ वर उतरवलं. कंट्रोलरमधलं इक्वलायझेशन नावाचं, मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करण्याचं, जे प्रकरण असतं, ते शिशाच्या बॅटरीचं औषध आहे आणि लिथियमला विष. ते बंद आहे की नाही हे मी तीनदा तपासलं. आमची सिस्टिम बसवून देणाऱ्याने ते चालूच ठेवलं होतं.

चार्जिंगचा वेगही बदलला. आता बॅटरी सकाळी ५७ टक्क्यांवर असते. तिथून ८५ वर जायला साधारण ५६ अँपिअर-तास लागतात. पॅनल जोरात असले तर ते ७० अँपिअर देऊन तासाभरात भरून टाकतील आणि उरलेला दिवस बॅटरी वरच्या टोकाशी बसून राहील. त्याऐवजी चार्जिंग करंट १२ अँपिअरवर बांधला. सकाळचं ऊन पंपाला, मशीनला, फ्रीजला. बॅटरी मागून सावकाश भरत भरत दुपार उलटून गेल्यावर ८५ ला पोचते आणि थोड्याच वेळात संध्याकाळ तिला पुन्हा खाली न्यायला लागते. वरच्या टोकाला ती जेमतेम दीड-दोन तास थांबते.

हे सगळं चांगल्या उन्हाच्या दिवसांचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण सौर घरात अंथरूण रोज वेगळ्या मापाचं असतं. ढगाळ दिवसाचा अंदाज असला की आदल्या दिवशी दोन्ही बंधनं काढायची आणि बॅटरी पूर्ण भरून घ्यायची. चार-पाच दिवस ऊन दिसलं नाही तर एखादा दिवस शंभरवर राहिल्याने बॅटरीचं होईल ते नुकसान मी आनंदाने सोसेन. अंधारात बसून वाचवलेली बॅटरी कोणाच्या कामाची? घरातली जड कामांची लाइन वेगळी आहे, ती ४० टक्क्यांना आपोआप तुटते. पंखे-दिवे २० पर्यंत चालतात. त्याखाली मी जात नाही. खालचं टोक फार वाईट आहे म्हणून नाही, तर तिथे व्होल्टेज कड्यावरून पडल्यासारखं उतरतं आणि कोणत्या मिनिटाला घर बंद पडेल हे सांगता येत नाही. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवून कुठे जाऊ नये. बीएमएस स्वतः थोडी वीज पीत राहतो, हळूहळू सेल इतके खाली जाऊ शकतात की परत येत नाहीत. गावाला जायचं तर निम्मी भरलेली ठेवावी आणि इन्व्हर्टर बंद करून जावं.

उष्णतेचं सांगायचं राहिलं. बॅटरी पत्र्याच्या खोलीत होती, इन्व्हर्टरच्या अगदी बाजूला. इन्व्हर्टरचा पंखा गरम हवा कुठे फेकतो हे मी एकदाही बघितलं नव्हतं. तो थेट बॅटरीवर फेकत होता. एका दुपारी तापमान ४१ अंश. मी सेटिंगच्या दशांशांवरून रात्र रात्र जागवल्या होत्या, आणि इकडे बॅटरी भट्टीत उभी होती. तिला घरात, सावलीच्या भिंतीला आणली. इन्व्हर्टर तिथेच राहिला. आता दुपारी ती तिशीच्या आत असते. मला वाटतं, माझ्या सगळ्या उद्योगात बॅटरीचं सर्वात भलं या हलवाहलवीने झालं, आणि त्याला एक दुपार आणि चार मीटर केबल लागली. ज्यांच्याकडे पाणी गोठतं त्यांचा प्रश्न उलटा. शून्याच्या खाली सेल चार्ज केला तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. वापर चालतो, चार्जिंग नाही. तिथे बॅटरीला आधी ऊब द्यावी लागते.

मधे एक काळ असा आला होता की मी कवडीचुंबक झालो होतो. दिवा लागला की ॲप उघडायचं. कोणी इस्त्री हातात घेतली की माझा चेहरा बदलायचा. मुलगी रात्री अभ्यासाला बसली तर मी मनात वॉट मोजायचो, आणि ते तिला दिसायचं. एका रात्री ती टॉर्च लावून वाचत बसलेली सापडली. "बाबा, तुमची बॅटरी वाचवतेय." तुमची म्हणाली. आपली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शांतपणे हिशेब केला. तिचा दिवा नऊ वॉटचा. चार तासांचे ०.०३६ युनिट. बॅटरीच्या एका टक्क्याहून कमी. आणि काळाने जी झीज व्हायची ती दिवा लावला काय, न लावला काय, होणारच होती. वर्षाला १०३ सायकलनी माझी बॅटरी अडतीस वर्षं जाणार नाही, पंधरा गेली तरी मी खूश असेन, आणि तेव्हा तिच्या कागदावरच्या निम्म्याहून जास्त सायकल तशाच पडून असतील. त्या कशासाठी राखून ठेवायच्या होत्या? सांभाळायचं होतं ते एकाच वेळी येणाऱ्या जड लोडना, दुपारच्या उष्णतेला आणि काठोकाठ भरून बसण्याला. नऊ वॉटच्या दिव्याचा यात काही संबंध नव्हता. ॲप फोनच्या पहिल्या पानावरून काढून टाकलं. इस्त्री आता दुपारी होते, पण रात्री अकराला कोणाला कपडे इस्त्री करायचे असतील तर मी दुसरीकडे बघतो. पंप तेव्हा बंद असतो, ७०० ची केटलीही. एकटी इस्त्री हजार वॉटची. बॅटरीला त्यात काही विशेष नाही.

वही आता अण्णांकडे आहे. मागितली नव्हती, त्यांनीच घेतली. हायड्रोमीटर नाही, पाणी टाकायचं नाही, टर्मिनलला जेली नाही, मग माणसाने करायचं काय? रोज सकाळी अकराला ते पंप चालू करतात, पाऊण तास खुर्ची टाकून बसतात आणि पंप बंद करून उठतात. टायमर आहे, पण त्यांना तो मंजूर नाही. संध्याकाळी पाचला मॉनिटरचा आकडा एक्स्चेंजच्या लॉगबुकात लिहावा तसा सुवाच्य अक्षरात लिहितात. तारीख, वेळ, तापमान, टक्के. काल सहज पानं चाळली. ८५, ८४, ८५, ८५. प्रत्येक आकड्यापुढे, न चुकता, एक छोटं प्रश्नचिन्ह.